हिवाळ्यासाठी बोट बंद करून ठेवणे आणि पुढच्या हंगामाची वाट पाहणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, म्हणजे ओंटारिओ सरोवर, सिम्को सरोवर आणि जॉर्जियन बे या भागांत, हौसेसाठी बोट बाळगणाऱ्या मराठी कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पाच ते नऊ मीटर लांबीची, फायबरग्लासची, बहुधा दुसऱ्या मालकाकडून घेतलेली मोटरबोट गृहीत धरली आहे. शिडाच्या बोटींचा उल्लेख आवश्यक तेथे केला आहे. सीमेपलीकडे मिशिगन, ओहायो किंवा न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांनाही यातील तांत्रिक भाग जसाच्या तसा लागू पडतो. कायद्याचे तपशील मात्र तिकडे वेगळे आहेत.

ओंटारिओ सरोवर तर पूर्ण गोठत नाही. मग बोट पाण्यातच राहिली तर काय बिघडते?

ओंटारिओ सरोवराची सरासरी खोली सुमारे ८६ मीटर असल्यामुळे त्याचा मधला भाग सहसा मोकळा राहतो, हे खरे आहे. परंतु बोटी मध्यभागी नसतात. त्या उथळ, आडोशाच्या मरीनात (बोटी बांधून ठेवण्याच्या धक्क्यात) बांधलेल्या असतात आणि तिथले पाणी दर हिवाळ्यात गोठते. सिम्कोसारखे लहान सरोवर तर बहुतेक वर्षी संपूर्ण गोठते आणि लोक त्यावर भोके पाडून मासे पकडतात. हलणारा बर्फ बोटीचा तळ घासतो, सुकाणू वाकवतो आणि दोर तोडतो. काही मरीनांत बोटीभोवती पाणी खालून वर ढवळत ठेवणारी यंत्रे लावून बोटी पाण्यातच ठेवतात, पण त्यासाठी अखंड वीज आणि नेमाने लक्ष ठेवणारे माणूस लागते. पहिल्यांदा बोट घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बोट पाण्याबाहेर नेमकी कधी काढावी?

या भागात बहुतेक लोक ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या आसपास बोट बाहेर काढतात. मरीनाची क्रेन महिनाभर आधी आरक्षित होते, त्यामुळे तारीख सप्टेंबरमध्येच ठरवून टाकावी. ऑक्टोबरच्या अखेरीस एखादा उबदार रविवार मिळेल या आशेवर थांबणारे बरेच असतात आणि तो कधीकधी मिळतोही. मात्र नोव्हेंबर हा या महासरोवरांवरचा (ग्रेट लेक्सवरचा) सर्वांत बेभरवशाचा महिना आहे. ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे अजस्र मालवाहू जहाज सुपीरियर सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ रोजी वादळात बुडाले आणि त्यावरील सर्व २९ जण मृत्युमुखी पडले. त्या जहाजाशी आपल्या सहा मीटरच्या बोटीची तुलना होऊ शकत नाही, पण वारे तेच आहेत.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. बोट पाण्यात असते तोवर तिच्या तळाला आणि इंजिनाला सरोवराच्या पाण्याची ऊब मिळत राहते, कारण पाणी हवेपेक्षा फार सावकाश थंड होते. बोट जमिनीवर आली की ते संरक्षण संपते आणि एका रात्रीच्या कडक थंडीत इंजिन हवेच्या तापमानाला येते. म्हणून ‘बोट बाहेर काढली आहे, इंजिनाचे पुढच्या महिन्यात पाहू’ हा विचार धोक्याचा आहे.

थंडीने बोटीचे नुकसान नेमके कसे होते?

नुकसान थंडीने होत नाही, अडकून राहिलेल्या पाण्याने होते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बंद जागेत अडकलेले पाणी असे फुगले की ओतीव लोखंडाचा इंजिन ब्लॉकही तडकतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग), पाण्याचे पंप, गाळणी, पितळी झडपा, प्लास्टिकचे नळ यांचीही तीच गत होते. यातील बरेच तडे हिवाळ्यात दिसत नाहीत, कारण तड्यात बर्फच बसलेला असतो. मे महिन्यात इंजिन सुरू केल्यावर तेलात पाणी मिसळून ते दुधाळ झालेले दिसते, तेव्हा तो तडा उघडकीस येतो. या पृष्ठावरील जवळजवळ प्रत्येक उत्तर शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : बोटीत पाणी अजून कुठे उरले आहे?

कामे कोणत्या क्रमाने करावीत?

इंजिन चालू स्थितीत असताना करायची कामे सर्वांत आधी करावीत. इंधनात स्थिरक (ते साठवणीत खराब होऊ न देणारे रसायन) मिसळणे, इंजिन गरम करून जुने तेल काढणे आणि थंड करणाऱ्या पाण्याच्या मार्गात गोठणविरोधी द्रव खेचून घेणे, या तिन्हींसाठी इंजिन चालावे लागते. त्यानंतर गिअरकेसचे (पंखा म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचे) तेल, मग पिण्याच्या पाण्याची नळयोजना आणि शौचालय, मग बॅटरी, आणि आच्छादन अगदी शेवटी. उत्साहाच्या भरात आधी ताडपत्री घालून बसलेल्यांना ती पुन्हा उघडावी लागते.

इंधनाची टाकी भरून ठेवावी की रिकामी?

बोटीतच कायम बसवलेली पेट्रोलची टाकी सुमारे ९५ टक्के भरलेली ठेवावी, हा सर्वसाधारणपणे मान्य असलेला सल्ला आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत मोकळ्या हवेतील बाष्प आतल्या पत्र्यावर थेंबांच्या रूपाने जमते. काठोकाठ भरल्यास वसंतात तापमान वाढल्यावर इंधन प्रसरण पावून हवा जाण्याच्या नळीतून बाहेर सांडते. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. शोषलेले पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि इंजिनाला इंधन नेणारी नळी बहुधा तिथूनच ओढत असते. एकदा असा थर धरला की कोणतेही औषध ते इंधन पूर्ववत करू शकत नाही. ते काढून टाकण्यावाचून उपाय उरत नाही. म्हणून स्थिरक ताज्या इंधनात, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळावा आणि त्यानंतर इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे, म्हणजे मिश्रण कार्ब्युरेटरपर्यंत किंवा इंजेक्टरपर्यंत पोहोचते. नुसता टाकीत ओतलेला स्थिरक टाकीतच राहतो.

लहान आउटबोर्डची (बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाची) हातात उचलता येणारी टाकी असल्यास तिच्यातील पेट्रोल मोटारीत वापरून संपवावे. डिझेलची टाकीही जवळजवळ भरून ठेवावी आणि तिच्यात जीवाणूरोधक द्रव घालावा, कारण डिझेलमध्ये पाणी शिरले की त्या दोहोंच्या सीमेवर सूक्ष्मजीवांचा चिकट गाळ वाढतो आणि तो फिल्टर तुंबवतो.

आउटबोर्ड आणि इनबोर्ड इंजिनांची तयारी सारखीच असते का?

नाही, आणि हा फरक समजून घेतल्यास निम्मी चिंता कमी होते. मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन सरळ उभे ठेवले की त्यातील पाणी आपोआप खाली निथळून जाते. त्यामुळे त्याच्यासाठी तेल बदलणे, इंधनाची व्यवस्था आणि सिलिंडरच्या आत फॉगिंग ऑइलचा (गंज रोखणाऱ्या तेलाचा) फवारा मारणे एवढी कामे पुरतात. फवाऱ्याबाबत इंजिनाची पुस्तिका पाहावी, कारण काही आधुनिक इंजिनांचे निर्माते त्याची वेगळी पद्धत सांगतात. अट एवढीच की इंजिन संपूर्ण हिवाळाभर खाली, सरळ स्थितीत राहिले पाहिजे. ते वर उचलून ठेवले तर पंख्याच्या मधल्या भागातून पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी आत साचते, गोठते आणि खालचा भाग फोडते.

बोटीच्या पोटात बसवलेल्या इनबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा भाग मागे बाहेर) इंजिनात सरोवराचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असेल, तर काम बरेच वाढते. इथे दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत बादलीतील गोठणविरोधी द्रव चालू इंजिनाला ओढू देतात आणि तो एक्झॉस्टमधून रंगीत होऊन बाहेर पडू लागला की इंजिन बंद करतात. यात मेख अशी आहे की इंजिन पुरेसे गरम नसेल तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) बंद असतो आणि द्रव ब्लॉकला वळसा घालून थेट बाहेर पडतो. बाहेर गुलाबी धार दिसते, मालक समाधानाने घरी जातो, आणि ब्लॉकमध्ये सरोवराचे पाणी तसेच राहते. दुसरी पद्धत ब्लॉक आणि मॅनिफोल्ड यांची निचरा-बुचे काढून सगळे पाणी वाहू देण्याची आहे. बूच काढल्यावर पाणी आले नाही तर आत पाणी नाही असे समजू नये. गंज आणि वाळू यांनी भोक बुजलेले असते, ते तारेने टोचून मोकळे करावे. आमच्या मते आधी बुचे काढून निचरा करावा, मग ती परत बसवून वरच्या नळ्यांतून गोठणविरोधी द्रव भरावा. वेळ थोडा जास्त लागतो, पण संशय उरत नाही.

काही इंजिनांत मोटारीसारखे बंद नळ्यांत फिरणारे शीतक (थंड ठेवणारा द्रव) असते आणि सरोवराचे पाणी फक्त उष्णता काढून नेण्यासाठी वेगळ्या नळ्यांतून फिरते. अशा इंजिनातील शीतकाचा गोठणबिंदू साध्या मापकाने तपासावा आणि बाहेरच्या पाण्याच्या बाजूची तयारी वर सांगितल्याप्रमाणेच करावी.

इंजिन जमिनीवर चालवताना पाण्याचा पुरवठा क्षणभरही तुटू देऊ नये. पंपातील रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) पाण्याविना अगदी थोड्या वेळात जळतो.

गुलाबी आणि हिरव्या गोठणविरोधी द्रवात काय फरक आहे?

मोटारीत वापरला जाणारा हिरवा द्रव साधारणपणे इथिलीन ग्लायकॉलचा असतो. तो माणसांना, कुत्र्या-मांजरांना आणि जलचरांना विषारी आहे आणि त्याची गोडसर चव जनावरांना आकर्षित करते. बोटीतून जे काही बाहेर वाहणार आहे आणि पिण्याच्या नळांतून जे काही फिरणार आहे, त्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचा गुलाबी द्रवच वापरावा. त्याच्या डब्यावरील तापमान म्हणजे ज्याखाली नळ फुटण्याचा धोका सुरू होतो ते तापमान होय. द्रव त्याच्या कितीतरी आधी चिखलासारखा मऊ गोठू लागतो, पण तो मऊ गोळा नळाला तडा देत नाही. हा द्रव पाणी न मिसळता वापरण्यासाठी बनवलेला असतो. नळांत आधीचे पाणी उरले असेल तर तो पातळ होतो आणि डब्यावरचा आकडा निरर्थक ठरतो. काही स्वस्त डब्यांत अल्कोहोलचे मिश्रण असते. ते ज्वालाग्राही असते आणि रबर कोरडे करते, म्हणून घटकांची यादी वाचूनच खरेदी करावी.

पिण्याच्या पाण्याची टाकी, नळ आणि शौचालय यांचे काय करावे?

टाकी पूर्ण रिकामी करावी. पाणी तापवण्याची टाकी असल्यास ती निचरा करून जोडनळीने वगळावी, नाहीतर ती भरण्यातच वीस-बावीस लिटर गुलाबी द्रव उगाच खर्च होतो. मग पंपाने गुलाबी द्रव ओढून प्रत्येक नळ, गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी, रंग दिसेपर्यंत उघडा ठेवावा. हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला पोहून आल्यावर अंग धुण्यासाठी दिलेला छोटा फवारा. त्याखालोखाल डेक धुण्याचा पंप आणि मासे जिवंत ठेवण्याची टाकी. शौचालयाची मैलाटाकी मरीनातील उपसा केंद्रावर रिकामी करून, धुऊन, मगच त्यात थोडा गुलाबी द्रव सोडावा. हे काम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे, कारण गोठण्याची वेळ जवळ आली की उपसा केंद्रांचे पाणीही बंद केले जाते.

गिअरकेसचे तेल दर वर्षी बदलणे खरोखर गरजेचे आहे का?

होय. खालचे बूच सैल करताच आधी पाणी आले किंवा तेल दुधाळ दिसले, तर सील गळते आहे असे समजावे. हे ऑक्टोबरमध्ये कळले तर सील बदलण्यासाठी अख्खा हिवाळा हाताशी असतो. न पाहता सोडून दिले तर तेच पाणी गोठून आवरण फोडते. नवे तेल खालच्या भोकातून वर चढवत भरावे, म्हणजे आत हवा अडकत नाही.

बॅटरी घरी आणावी का?

पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरी उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, तर उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या सुमारासच गोठू शकते. टोरांटोत जानेवारीच्या रात्री त्याहून थंड असू शकतात. म्हणजे प्रश्न जागेचा नसून भाराचा आहे. बॅटरी पूर्ण भरून, दोन्ही तारा सोडून बोटीत ठेवली तरी चालते, कारण थंडीत ती आपोआप फार थोडी उतरते. तरीही घरी आणून महिन्या-दोन महिन्यांनी भार तपासणे सोयीचे पडते. लिथियम बॅटरी मात्र शून्य अंशाखाली असताना कधीही भारित करू नये.

आच्छादन कोणते चांगले, ताडपत्री की श्रिंक-रॅप?

दोन्ही चालतात. ताडपत्री वर्षानुवर्षे वापरता येते. श्रिंक-रॅप, म्हणजे तापवून आवळलेले प्लास्टिक, घट्ट बसते, बर्फ त्यावरून घसरतो, पण ते दर वर्षी कापून टाकावे लागते. कापडापेक्षा खालचा सांगाडा महत्त्वाचा आहे. मधोमध आढे घालून दोन्हीकडे पुरेसा उतार दिला नाही तर बर्फाचे तळे साचते आणि त्याच्या वजनाने आच्छादन फाटते. हवा खेळण्यासाठी झरोके अवश्य ठेवावेत, नाहीतर एप्रिलमध्ये गाद्यांवर बुरशी भेटते. गाद्या शक्यतो घरी न्याव्यात, निदान उभ्या करून ठेवाव्यात.

ताडपत्रीचे दोर बोटीला आधार देणाऱ्या जॅकस्टँडला कधीही बांधू नयेत. वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री स्टँड हळूहळू सरकवते आणि बोट आडवी होते. समोरासमोरचे स्टँड तळाखालून साखळीने एकमेकांना जोडलेले आहेत याची खात्री करावी. बोटीची नाळ (पुढचे टोक) किंचित वर ठेवून मागचे निचऱ्याचे बूच काढावे आणि ते सुकाणूच्या चाकाला बांधून ठेवावे, म्हणजे वसंतात बुचाशिवाय बोट पाण्यात उतरवण्याची नामुष्की टळते. शिडाच्या बोटीची शिडे उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घरी न्यावीत. डोलकाठी उतरवलेली असल्यास तारांच्या टोकांचे तडे पाहण्याची ही सर्वांत सोयीची वेळ असते.

हे सगळे स्वतः करावे की मरीनाकडे सोपवावे?

आउटबोर्ड असल्यास स्वतः करावे. इनबोर्ड असल्यास पहिल्या वर्षी जाणकाराकडून करवून घ्यावे आणि काम चालू असताना शेजारी उभे राहून पाहावे. मरीनाकडे दिल्यास कोणती कामे केली याची लेखी यादी मागावी. ‘विंटरायझेशन’ या एका शब्दात एकजण फक्त इंजिन धरतो, दुसरा पाण्याच्या नळांसह सगळे धरतो. विम्याची कागदपत्रेही याच वेळी वाचावीत. अनेक पॉलिसींत बोट कोणत्या तारखेपर्यंत पाण्याबाहेर हवी हे नमूद असते, आणि गोठून झालेले नुकसान वगळलेले असते किंवा तयारी केल्याचा पुरावा दिल्यावरच भरून मिळते.

कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या ओढून ठेवतात. तो अनुभव इथे उपयोगी पडतो का?

शिस्त उपयोगी पडते, पद्धत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीवर सामान्यतः १ जूनपासून बंदी लागते, होड्या वाळूवर ओढल्या जातात, झापांनी किंवा ताडपत्रीने झाकल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला पूजा होऊन पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. तिथे शत्रू लाटा आणि पाऊस हे आहेत, आणि लाकडी होडी फार सुकली तर तिच्या फळ्यांच्या सांध्यांना भेगा पडतात, म्हणून थोडी ओल तिला मानवते. इथल्या फायबरग्लासच्या बोटीला मात्र जितके कोरडे तितके बरे. गावाकडून आलेले काका बोटीवर पाणी मारायला सुचवतील, तर त्यांना आदराने थांबवावे.

पाच-सहा महिने नुसती वाट पाहायची का?

बोट चालवण्याचे प्रमाणपत्र नसेल तर ते हिवाळ्यात मिळवावे. कॅनडात मोटर असलेली हौशी बोट चालवणाऱ्या प्रत्येकाकडे असा दाखला लागतो आणि त्याची मुदत संपत नाही. बोटीवरून संपर्क साधण्याच्या व्हीएचएफ रेडिओचा परवाना वेगळा आहे, त्याचा अभ्यासही थोडाच आहे. जानेवारीत टोरांटोत बोटींचे मोठे प्रदर्शन भरते. तिथे खरेदीपेक्षा कारागिरांशी बोलण्यासाठी जावे. घरबसल्या सुरक्षासाहित्य तपासावे. कॅनडात संकटसूचक फ्लेअर निर्मितीनंतर चार वर्षे ग्राह्य धरले जातात, अमेरिकेत ४२ महिने. मुलांची जीवरक्षक जॅकेटे तर दर हिवाळ्यात अंगावर घालून पाहावीत, कारण गेल्या जूनमध्ये बसणारे जॅकेट येत्या जूनमध्ये बसेलच असे नाही.

महिन्यातून एकदा बोटीकडे चक्कर मारावी. साचलेला बर्फ, सैल दोर, सरकलेला स्टँड आणि उंदरांच्या खुणा एवढेच पाहायचे असते.

वसंतात बोट दुसऱ्या सरोवरात उतरवायची आहे. काही नियम आहेत का?

आहेत. १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपले (बोटींबरोबर पसरणारी परकी जात) प्रथम आढळले आणि काही वर्षांतच ते सर्व महासरोवरांत पसरले. ते पाण्याच्या नळांना आणि इंजिनांच्या तोंडांना थरांनी चिकटतात. १ जानेवारी २०२२ पासून ओंटारिओत बोट रस्त्याने नेण्यापूर्वी निचऱ्याची बुचे काढणे आणि वनस्पती, शेवाळ, प्राणी स्वच्छ करणे बंधनकारक आहे. हे काम शरद ऋतूत बोट बाहेर काढतानाच केलेले सोपे जाते, कारण वाळून घट्ट झालेले शिंपले खरवडताना तळाचा थरही निघतो.

हंगामाच्या पहिल्या दिवशी काय तपासावे?

बहुतेक बोटी मे महिन्यात, २५ मेच्या आधीच्या सोमवारी येणाऱ्या व्हिक्टोरिया डेच्या सुमारास पाण्यात उतरतात. निचऱ्याचे बूच, सर्व नळ्यांचे पट्टे, तळातील झडपा, नवा इम्पेलर आणि स्टर्नड्राइव्ह असल्यास तिचे रबरी बेलो (पाणी आत येऊ न देणारी घडीदार आवरणे) पाहावेत. फाटलेला बेलो धक्क्यालाच बांधलेली बोट बुडवू शकतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवून इंजिनाच्या कप्प्यातील पेट्रोलची वाफ बाहेर घालवावी. क्रेनच्या पट्ट्यातून बोट पूर्ण सुटण्याआधी आतला तळ उघडून कुठून पाणी येते का ते पाहावे, आणि चालकाने घाई केली तरी ती दोन मिनिटे सोडू नयेत.

हवा २० अंशांवर गेली तरी मेच्या सुरुवातीस सरोवराचे पाणी एक आकडी तापमानाचेच असते. मॅनिटोबा विद्यापीठातील प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी अशा पाण्यासाठी १-१०-१ हे सूत्र रूढ केले : श्वास ताब्यात आणण्यासाठी सुमारे १ मिनिट, हातापायांची उपयोगी हालचाल करता येईल अशी सुमारे १० मिनिटे, आणि शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे १ तास. मात्र जीवरक्षक जॅकेट अंगात नसेल तर पहिल्या मिनिटातच माणूस बुडू शकतो. पाण्यात पडल्यावर ते घालणे जवळपास अशक्य असते, म्हणून मे आणि जूनमध्ये धक्का सोडण्यापूर्वीच बोटीवरील प्रत्येकाने, पट्टीच्या पोहणाऱ्यांनीसुद्धा, जॅकेट चढवून त्याची बकले लावावीत.